टिली आत्याला तळघरात उतरवताना

टिली उनरूला तळघरात उतरवायचं म्हणजे दोन माणसं खुर्ची धरायला लागत आणि तिसरं बोलणी खायला. तिसरं हजर नसलं की पहिली दोघं तेही काम वाटून घेत.

"एल्डन, तुझ्या बाजूने मी कलतेय. सहावीत असतानाही तू असाच एक खांदा पाडून चालायचास."

एल्डन बेझे आता नातवंडांचा आजोबा झाला होता, गव्हाच्या मोठ्या शेताचा मालक होता. पण मिस टिलीने खांदा म्हटलं की तो मुकाट्याने खांदा सरळ करी. बेथेल गावातल्या आणि आसपासच्या शेतांवरच्या सगळ्यांचं असंच होतं. टिलीने इथल्या दोन पिढ्या शाळेच्या पिवळ्या बसमधून नेल्या-आणल्या होत्या. कोण खिडकीतून डबा फेकतो, कोणाला वळणावर मळमळतं, कोणाच्या घरी रात्री भांडण झालंय, हे तिला आरशात बघून कळायचं. लग्न तिने केलं नाही. "विचारायला एक जण आला होता," ती सांगायची, "पण बस सुटल्यावर आला."

पुढे संधिवाताने गुडघे धरले, मग सोडलेच नाहीत. घरात ती चाकांच्या खुर्चीत फिरायची आणि त्या खुर्चीत बसून पनीर भरलेले वेरेनिके, म्हणजे उकडलेल्या करंज्या, असे काही करायची की चर्चमधल्या धडधाकट बायकांनी मान खाली घालावी. पण तळघर होतं मागच्या अंगणात, मातीच्या उंचवट्याखाली. तिरकं लोखंडी दार, खाली उभ्या अरुंद पायऱ्या. तिथे चाकं कामाची नाहीत. म्हणून मग स्वयंपाकघरातली ओकची जुनी हातांची खुर्ची. एकाने पाठ धरायची, दुसऱ्याने खालून पुढचे पाय. आमच्या पश्चिम ओक्लाहोमात घरं उचलून नेणाऱ्या वावटळीपासून लपायच्या तळघराला भित्र्यांचं बीळ म्हणतात. म्हणताना सगळे हसतात आणि सायरन झाला की सगळे आत शिरतात.

खुर्ची धरणारे तिच्याच बसमधले. ज्यांना तिने उचलून पायरीवर चढवलं, ते आता तिला उचलून पायऱ्या उतरवत. तिला हे आवडत नव्हतं आणि ते ती लपवतही नव्हती. चेहरा दगडासारखा करून, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ती बसायची आणि खाली पोचेपर्यंत सगळ्यांच्या लहानपणच्या खोड्या बाहेर काढायची. तेवढाच तिचा मान राखायचा मार्ग होता.

आता हे उतरणं कोणाच्या शब्दावर व्हायचं, तर गेलनच्या. गेलन उनरू तिच्या भावाचा मुलगा. आई लहानपणीच गेली, बाप तेलविहिरींवर महिनोन्‌महिने बाहेर, त्यामुळे पोर वाढलं आत्याच्या घरात आणि आत्याच्या बसमध्ये. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून, काचेला डोकं टेकून तो ढग बघायचा. बघता बघता त्याच्यावरच पोट भरायला लागला. तासाभराच्या अंतरावर शहरात हवामानाची कचेरी आहे, तिथे तो अंदाज लिहायचा. आज वादळाचा धोका किती, एक ते पाच पायऱ्यांपैकी कोणती, कुठल्या पट्ट्यात. त्याने लिहिलं की उघडायचं की नाही हे शाळा ठरवायच्या, दुकानं ठरवायची, आणि बेथेलमध्ये एल्डन बेझे हातातलं काम टाकून टिलीच्या अंगणात यायचा.

मे महिन्यातल्या त्या दिवशी गेलनने पाच लिहिलं.

पाच म्हणजे शेवटची पायरी. नोकरीत तो तिथवर मोजक्याच वेळा चढला होता. पण त्या सकाळी कशाचीच उणीव नव्हती. दक्षिणेकडून समुद्राची ओल घेऊन वारा आला होता. पश्चिमेला कोरडी हवा दबा धरून बसली होती. जमिनीवरचा वारा एका दिशेचा, त्याच्या वरचा दुसऱ्या, त्याच्याही वरचा तिसऱ्याच, आणि असा पीळ पडला की ढग फिरायला लागतो. फक्त दुपारी ऊन पडायचं बाकी होतं. कचेरीत कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. पाळीची प्रमुख बर्निता जुनी मुरलेली बाई, तिनेही त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि नुसती मान डोलावली.

गेलनने आत्याला फोन केला. "आज सायरनची वाट बघू नकोस. दुपारीच खाली जा."

"इतकं?"

"इतकं."

तिने पुढे विचारलं नाही. गेलनने इतकं म्हटल्यावर पुढे विचारायची तिची रीत नव्हती.

दुपारी एल्डन आला, बरोबर लॉनी पेनर. लॉनी शेताशेतांवर गॅसच्या टाक्या भरायला जायचा. अंगाने दांडगा, मनाने मेण. सकाळपासून आभाळ गच्च होतं आणि मधूनमधून बुरबुर चालली होती. एल्डनने खुर्चीची पाठ धरली, लॉनीने खालची बाजू. अर्ध्यावर गेल्यावर ओल्या पायरीवरून लॉनीचा बूट सटकला. त्याने खुर्ची सोडली नाही हे खरं, पण ती एका अंगाला कलली, आणि टिलीने भिंतीला हात दिला.

"कडकन वाजलं," ती म्हणाली. "खुर्चीचं वाजलं की माझं?"

तिचं वाजलं होतं. मनगट.

इस्पितळ गावापासून लांब, आणि त्या दिवशी रस्त्यावर निघायचं म्हणजे मरणाला आवतण. सगळा जिल्हा जमिनीखाली गेलेला. मागून तळघरात आलेल्या एल्डनच्या बायकोने भांडी पुसायच्या फडक्याने मनगट बांधलं आणि गोठलेल्या वाटाण्याची पिशवी त्यावर ठेवली. तशी टिली संध्याकाळपर्यंत बसून राहिली. लॉनी समोरच्या बाकावर, डोकं दोन्ही हातांत धरून. वर पाऊस पडला, थोड्या गारा पडल्या, ढग गडगडले. पुन्हा पाऊस पडला. वावटळ आली नाही.

कचेरीत गेलन पडद्यासमोरून हलला नव्हता. जे ढग दुपारपर्यंत फाटायला हवे होते ते फाटलेच नाहीत. ऊन पडलं नाही, जमीन तापली नाही. मग एक वादळ उठलं, त्याच्या शेजारी दुसरं, तिसरं, आणि बघता बघता नकाशाभर गर्दी झाली. एकालाही फिरायला जागा उरली नाही. शेवटी दोन लहान वावटळी लांब कुठल्या तरी कुरणात उतरल्या. एका गोठ्याचं छप्पर गेलं, गुरं शाबूत. डोंगर पोखरून उंदीर निघाला. गेलनला लाज वाटली, पण त्याहून जास्त त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून. आज कोणी मेलं नव्हतं. तेवढ्यात एल्डनचा फोन आला.

ज्या ढगांनी वादळ अडवलं, त्यांनीच तळघराच्या पायऱ्या ओल्या केल्या होत्या. हे गेलनच्या ध्यानात इस्पितळाच्या वाटेवर आलं आणि मग ते डोक्यातून जाईना.

गावाने त्याला सोडलं नाही. गाव कोणालाच सोडत नाही. कॉफीच्या दुकानासमोर कोणी तरी अंगणातली एक प्लास्टिकची खुर्ची उताणी पाडून ठेवली, तिच्यावर एक फूल, आणि पुठ्ठ्यावर अक्षरं: भीषण हानी. गेलन रविवारी चर्चमध्ये आला तर मागच्या बाकावरून आवाज, "गेलन, आज प्रार्थना वर बसून करायची की खाली?" शाळा बंद ठेवल्यामुळे बापांचा एक दिवस बुडाला होता, त्याचा हिशेबही त्याच्याच नावावर. हे सगळं तो गिळू शकला असता. पावसाळी धंदा आहे, चिखल उडायचाच. पण आत्याचा पांढरा प्लास्टरमधला हात त्याला गिळता येत नव्हता. तिचे पाय गेले होते, हात तेवढे उरले होते. तेच हात पीठ मळत, चाकं फिरवत, भाच्याच्या गालावर चापट मारत. त्यातला एक त्याच्या शब्दाने मोडला, असं त्याच्या मनाने घेतलं.

त्या रविवारी जेवण झाल्यावर ती म्हणाली, "आता मला सांग. का आलं नाही? गावाला सांगू नकोस, गावाला नुसतं हसायचंय. मला सांग."

तो टेबलावरचे चुरे गोळा करत राहिला. मग म्हणाला, "एक तर ढग हटले नाहीत. खालची हवा तापली असती तर जोरात वर गेली असती. नाही तापली. आणि वर, बरंच वर, एक कोमट थर होता. आम्हाला वाटलं होतं त्याहून कोमट. चढणारी हवा तिथपर्यंत जाऊन आळसावली."

"आणि?"

"आणि गर्दी. वावटळीला एकटं वादळ लागतं, आत्या. त्याच्या भोवती मोकळी जागा हवी, म्हणजे ते चारी बाजूंची गरम ओली हवा ओढून घेतं आणि फिरायला लागतं. त्या दिवशी सगळी एकदम उठली. प्रत्येकाच्या पावसाची थंड हवा शेजारच्याच्या पायाखाली. कोणालाच धड श्वास घेता आला नाही." त्याने सगळे चुरे एका जागी लोटले. "सुट्टी लागायच्या दिवशी तुझ्या बसच्या दारात पोरं अडकायची ना, तसं."

"सगळ्यांना आधी उतरायचं, म्हणून कोणीच उतरत नाही." ती हसली. "आणि हे सकाळी कळत नाही?"

"कधी कळतं. आम्ही फुगे सोडून वरची हवा मोजतो. पण दोन फुग्यांच्या मध्ये केवढा मुलूख राहतो, केवढा वेळ राहतो. ढग दुपारी हटणार की नाही हे इतकुशा गोष्टीवर ठरतं. पुढच्या वेळी मी जरा कमी..."

वाक्य त्याने तिथेच सोडलं. टिलीने त्याच्याकडे बघितलं, आरशात बघायची तसं. नुसतं "ना यो" म्हणाली. आमच्या जुन्या लोकांच्या जर्मन बोलीत त्याचा अर्थ बरं, असो, आणि कधी कधी बघते तुझ्याकडे.

पुढच्या आठवड्यात प्लास्टर दाखवायला न्यायचं होतं. गेलनने रजा घेतली आणि तिला आपल्या गाडीत पुढे बसवलं. जाता जाता तो सांगत होता, की जेवणाच्या खोलीत बसवायला एक पोलादी कोठडी त्याने सांगून ठेवलीय, म्हणजे पायऱ्यांचं काम उरणार नाही. पण त्या माणसांकडे रांग आहे, नंबर शरदात लागेल.

"तिजोरीशेजारी बसून जेवू मी?"

"जेवशील."

"जेवेन," ती म्हणाली, आणि मग एकदम, "थांब."

त्याने ब्रेक दाबला. "काय झालं? दुखतंय?"

"रूळ आहेत."

होते. रस्ता आडवा कापून जाणारे, गंजलेले, मध्ये गवत माजलेले. फाटक नव्हतं, कधीच नव्हतं.

"आत्या, इथून आता गहू निघाल्यावर तेवढी मालगाडी जाते."

"काच खाली कर. रेडिओ बंद."

त्याने दोन्ही केलं. दोन्हीकडे गहू पिवळा पडायला आला होता. कुंपणाच्या तारेवर एक चंडोल बोलत होता. दुसरं काही नाही.

"एवढी वर्षं रोज इथे थांबले," टिली म्हणाली. "जाताना, येताना. नियमच होता, शाळेच्या बसने थांबायचं, दार उघडायचं, कान द्यायचा. पोरांना गप्प करायचं म्हणजे काय असतं, तुला माहिती आहे. लॉनी मागून ओरडायचा, 'मिस टिली, ती गाडी वारली.' आणि गाडी आली किती वेळा? दोनदा. ती पण लांबूनच दिसत होती. बाकी सगळे दिवस नुसता वेळ गेला. मग मी काय, काल आली नाही म्हणून आज तशीच पुढे हाकली?"

गेलनला कळलं होतं, ती त्याचं रविवारचं अर्धं वाक्य पुरं करतेय.

"ते वेगळं," तो शेवटी म्हणाला. "तुझ्या थांबण्याने कोणाचं काही मोडलं नाही."

"मोडलं की. दात पडला एकाचा."

"कोणाचा?"

"तुझा. पहिलीत होतास."

"तो दुधाचा होता. आपोआप पडला."

"आपोआप कसला. रूळ जरा उशिरा ध्यानात आले, मी जोरात ब्रेक मारला आणि तू समोरच्या दांडीवर. तुला सांगितलं आपोआप पडला, आणि दातांच्या परीच्या नावाने उशीखाली पैसे ठेवले." ती समोर रुळांकडे बघत होती. "त्या रात्री मला वाटलं, आईविना पोर, आणि मी त्याचा दात पाडला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इथे आले आणि थांबले. तू मागेच बसला होतास, बोळकं दाखवत."

गेलनला हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरले. त्याने तोंड खिडकीकडे केलं. तिने बरा हात लांब करून त्याच्या मानेवर ठेवला, तो लहान असताना ठेवायची तसा, आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"चल आता," ती म्हणाली. "डॉक्टर काही आपल्यासाठी थांबत नाही."

सांगणं सोपं आणि करणं अवघड, हे तर आहेच. जूनमध्ये पुन्हा तसा दिवस उगवला, तेव्हा गेलनच्या बोटांनी आपोआप तीन लिहिलं.

तीन म्हणजे लक्ष ठेवा, सावध असा. तीनवर एल्डन शेत सोडून येत नाही, सायरनची वाट बघतो. तीनवर खुर्ची स्वयंपाकघरातच राहते. आणि तीन लिहायला कारणं काय कमी होती? मे महिन्याइतका वारा नव्हता. वर पुन्हा एखादा कोमट थर निघेल, पुन्हा गर्दी होईल, पुन्हा फजिती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि कचेरीतली सगळीच माणसं त्या दिवसांत फुंकून पीत होती. तीन लिहिलं असतं तर कोणी त्याच्याकडे बोट दाखवलं नसतं.

पण खिडकीबाहेर आभाळ स्वच्छ निळं होतं. ऊन सकाळीच चटके देत होतं. ढगांचं जे पांघरूण मे महिन्यात आडवं आलं, ते आज नव्हतंच. आज एखादंच वादळ उठलं असतं, एकटं, चारी बाजूंनी मोकळं. हे त्याला दिसत होतं. आणि दिसत असून त्याच्या डोळ्यांपुढे येत होती ती एक ओली पायरी.

बर्निता मागे येऊन उभी राहिली. "तुझं खरं म्हणणं काय आहे?"

"चार."

"मग तीन कोणाचं आहे?"

त्याने तीन खोडलं. चार लिहून पाठवून दिलं आणि बाहेर जाऊन आत्याला फोन लावला.

"किती?" तिने उचलल्या उचलल्या विचारलं.

"चार."

"खरंच चार, की मला घाबरून?"

"तुला घाबरून तीन होतं. खरंच चार आहे."

पलीकडे तिचा आवाज जरा मऊ झाला. "बरं केलंस. आता लॉनीला फोन कर."

"लॉनीला? आत्या, एल्डन त्याच्या जावयाला घेऊन येईल, तो तरुण..."

"लॉनी. महिना झाला माझ्या दारात आला नाही तो. माझी टाकी भरायला दुसऱ्याला पाठवतो. चर्चमध्ये मी पुढे तर हा मागे. मला मनगट मोडल्याचं दुःख नाही, माणूस तुटल्याचं आहे. त्याला सांग, मिस टिली तयार होऊन बसलीय. आणि उशीर करणाऱ्यासाठी ती कधी थांबलेली नाही, हे त्याला ठाऊक आहे."

लॉनीने फोनवर सगळं ऐकून घेतलं. "मला नको सांगूस गेलन," तो म्हणाला. "पाया पडतो. दुसऱ्या कोणाला सांग."

"मी नाही सांगत. ती सांगतेय."

"बूट बदलून येतो," लॉनी म्हणाला.

दुपारनंतर नैर्ऋत्येला एक वादळ उठलं. एकटं. तासाभरात त्याचं पोट फिरायला लागलं आणि तोंड बेथेलकडे झालं. गावाला इशारा देण्याचं काम त्याच पाळीवर होतं, तो गेलननेच दिला. आपल्याच गावाचं नाव टंकून त्याने तो पाठवला. मग तो पडद्याकडे बघत बसला. त्याच्या हातात आता काही उरलं नव्हतं. आत्या खाली आहे एवढंच त्याला माहीत होतं, आणि तेवढ्यावर तो बसू शकला.

वादळ गावाच्या अलीकडे नदीवर आलं आणि उत्तरेकडून दुसऱ्या एका सरीची थंड हवा त्याच्या पायाखाली सरकली. फिरणं सैल पडलं. ढग फिस्कटला. बेथेलवर पाऊस पडला, बोराएवढ्या गारा पडल्या, एल्डनच्या गव्हाचा एक कोपरा आडवा झाला. बस्स.

म्हणजे पुन्हा एकदा नाही आलं. पाळी संपवून गेलन गाडीत बसला तेव्हा ऊन उतरलं होतं, पण भरपूर उजेड होता. गावात शिरताना कॉफीच्या दुकानासमोरची माणसं त्याच्याकडे बघत होती. एकाने हात वर केला. तो टोमणा की रामराम, हे बघायला गेलन थांबला नाही.

अंगणात तळघराचं दार उघडं होतं. एल्डन दारापाशी गवतावर बसला होता.

"इशारा उठून किती वेळ झाला," तो वैतागून म्हणाला. "वर यायला तयार नाही. म्हणते, ज्याने खाली पाठवलं त्याने वर न्यावं."

गेलन पायऱ्या उतरला. खाली कंदिलाच्या उजेडात टिली खुर्चीत बसली होती, प्लास्टरचा हात मांडीवर, आणि तिच्या पायाशी बाकावर लॉनी, हातात तिने दिलेला पाव. त्याचे डोळे लाल होते, पण तो खात होता.

"नाही आलं, आत्या," गेलन म्हणाला.

"कळलं मला. तुझं जेवण झालंय का?"

"नाही."

"मग चला, वर गेल्याशिवाय ते कसं व्हायचं."

लॉनी उठला आणि खुर्चीच्या पुढच्या पायांशी वाकला. चढताना सगळा भार खालच्या माणसावर येतो.

"तू पाठ धर," टिली त्याला म्हणाली. "खालची बाजू गेलन घेईल."

तेव्हा गेलनच्या लक्षात आलं की आजवर त्याने ही खुर्ची कधी धरलीच नव्हती. वादळाच्या प्रत्येक दिवशी तो कचेरीत असायचा. त्याने एक आकडा लिहायचा आणि इथे दोन माणसांनी हा भार उचलायचा, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. तो वाकला आणि त्याने खुर्ची उचलली. ओकचं लाकूड भलतंच जड होतं. आत्या त्यात आहे की नाही, कळू नये इतकी ती हलकी झाली होती. एवढ्या हलक्या बाईने आपल्याला वाढवलं, हे त्याला त्या अरुंद जागेत, तोंड तिच्या गुडघ्यांशी असताना कळलं.

लॉनी उलटा चढत होता, प्रत्येक पायरी बुटाने दोनदा चाचपून. गेलन एक पायरी चढला, दुसरी चढला. मग सवयीने त्याची नजर वर गेली. दाराच्या चौकटीत पावसानंतरचं आभाळ होतं, त्यात पूर्वेकडे निघून चाललेला ढगाचा कडा. तो किती उंच गेला असेल, कुठे विरला असेल, हे तो बघायला लागला.

"गेलन," आत्या म्हणाली, "पायरीकडे बघ. आभाळ उद्या बघ."

त्याने नजर खाली आणली आणि पुढची पायरी चढला.